पल्स विड्थ मॉड्युलेशन करताना आवाज मध्येच गायब होतो? या चुका टाळा

नागपूरच्या बर्डीवरून सुटे भाग आणून सिंथेसायझरचा ऑसिलेटर (सूर निर्माण करणारं सर्किट) जोडला, सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दातांसारखी लहर, छान वाजली. पण पल्सच्या (चौकोनी लहरीच्या) विड्थला, म्हणजे ती प्रत्येक फेरीत किती वेळ वर राहते त्या प्रमाणाला, एलएफओ (ते सावकाश कमी-जास्त करणारा दुसरा ऑसिलेटर) दिला की दर झोक्याला आवाज गुडूप. ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी एकच विचारतो: तुमची सॉटूथ किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत जाते? बहुतेकांनी मोजलेलंच नसतं. स्कोप (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) नसेल तर ऑसिलेटर जमेल तेवढा सावकाश करा आणि साध्या मीटरवर काटा कुठून कुठे फिरतो ते बघा.

पल्स बनवतो तो कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप. त्याच्या एका पायावर सॉटूथ येते, दुसऱ्यावर विड्थचं व्होल्टेज. सॉटूथ ० ते १० व्होल्ट असेल आणि विड्थचं व्होल्टेज त्याबाहेर गेलं, तर दोघांची गाठच पडत नाही. आउटपुट एका जागी अडकतं, आणि न हलणारं व्होल्टेज ऐकू येत नाही. नॉब ८० टक्क्यांवर आणि एलएफओ वर-खाली ३० टक्के, म्हणजे ११० झालेच! नॉब मधोमध आणा, एलएफओ कमी करा. नॉबलाही लगाम हवा: १० व्होल्टवरच्या १०० किलोओहमच्या पॉटला (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरला) दोन्ही टोकांशी ५.६ किलोओहमचे रेझिस्टर जोडले की विड्थ साधारण ५ ते ९५ टक्क्यांत राहते. एलएफओ मात्र नंतर मिसळत असेल तर त्याची मर्यादा वेगळी सांभाळावी लागते.

मुळातच पल्स येत नसेल तर पुल-अप रेझिस्टर (आउटपुट वर खेचणारा) तपासा. एलएम३९३ हा कंपॅरेटर आउटपुट फक्त खाली ओढतो, वर नेत नाही.

झोक्याबरोबर धपधप होते? विड्थ बदलली की सरासरी व्होल्टेजही बदलतं: ० ते १० व्होल्टच्या पल्सचं ५० टक्क्यांना ५, ९० टक्क्यांना ९. पुढच्या १०० किलोओहमच्या इनपुटआधी १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, सावकाश एलएफओची धपधप बरीच ओसरते.

एवढा खटाटोप करावाच, कारण पल्स म्हणजे खरं तर दोन सॉटूथची वजाबाकी. विड्थ हलली की त्या एकमेकींपासून सरकतात आणि एकच ऑसिलेटर दोनांसारखा भरदार वाजतो. १९८२च्या रोलँड जुनो-६० सिंथेसायझरमध्ये एका व्हॉइसला (एकावेळी वाजणाऱ्या प्रत्येक सुराला) एकच ऑसिलेटर आहे, तरी त्याची पल्स ऐका. एलएफओ मात्र संथ ठेवा; वेगात तो गोडवा जाऊन नुसती थरथर उरते.

आणि मे महिन्यात, ४५ अंशांत सूरच घसरला तर पल्सला दोष देऊ नका. सॉटूथ ऐका. तीही घसरत असेल तर तापलाय तो एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेजवरून सूर ठरवणारा भाग.