'दहापट डेव्हलपर' शोधताना या चुका टाळा

चांगला डेव्हलपर दहा जणांचं काम करतो, हे वाक्य अप्रेझलच्या महिन्यात हमखास कानावर पडतं. कुणी तर दहाचे अठ्ठावीसही करतं. याच आकड्यावर भरती होते, पगारवाढ ठरते, आणि दोन तिमाहींनंतर टीम अडखळायला लागली की दोष बाकीच्यांच्या माथी येतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हा आकडा अर्धवट वाचणं. अठ्ठावीस आला १९६८ मधल्या सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट यांच्या शोधनिबंधातून. त्यांना शोधायचं होतं भलतंच: संगणकासमोर थेट बसून डीबगिंग (कोडमधल्या चुका शोधून दुरुस्त करणं) लवकर होतं, की काम बॅचमध्ये देऊन निकालाची वाट बघत? त्यात १२ अनुभवी प्रोग्रामर होते. एकाच प्रोग्रामच्या डीबगिंगला एकाला ६ तास लागले, दुसऱ्याला १७०. झाले अठ्ठावीस! पण या भागाकारात दोन्ही पद्धतींनी काम करणारे एकत्र मोजले गेले, आणि सगळ्यांनी एकाच भाषेत कोड लिहिलेला नव्हता. शिवाय तुलना सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ माणसाची आहे. सरासरी डेव्हलपरचा इथे संबंधच नाही.

सॉफ्टवेअर सल्लागार टॉम डीमार्को आणि टिमोथी लिस्टर यांनी १९८४ ते १९८६ मध्ये ९२ कंपन्यांमधल्या ६०० हून अधिक जणांना एकसारखंच काम दिलं. सर्वोत्तम आणि सर्वांत मागे असलेल्यांत साधारण दहापट फरक निघाला खरा, पण मधल्या माणसापेक्षा सर्वोत्तम अडीचपटच पुढे होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एकाच कंपनीतून आलेल्या जोडीतल्या दोघांत सरासरी फरक फक्त २१ टक्क्यांचा होता. वेगवान मंडळींची बसायची जागा जास्त मोठी आणि शांत होती. पगार आणि अनुभवाची वर्षं यांचा कामगिरीशी फारसा मेळ बसला नाही. म्हणून 'आमचे लोक हळू आहेत' असं म्हणण्याआधी त्यांचं कॅलेंडर उघडून बघा. दिवसात सलग दोन तास मीटिंगशिवाय मिळतात का? बिल्डला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार व्हायला, किती वेळ जातो? टेस्ट एन्व्हायर्नमेंटसाठी किती दिवस रांगेत थांबावं लागतं? माणूस बदलून यातलं काहीही बदलत नाही.

दुसरी चूक मोजमापाची. कोडच्या ओळी, कमिट (नोंदवलेले कोडमधले बदल), बंद केलेली तिकिटं (नेमून दिलेली कामं). ॲपलच्या 'लिसा' संगणकाच्या प्रकल्पात १९८२ मध्ये व्यवस्थापकांनी आठवड्याला किती ओळी लिहिल्या हे फॉर्मवर भरायला सांगितलं. तिथले प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन यांनी तेव्हाच क्विकड्रॉचा (स्क्रीनवर आकृत्या काढणाऱ्या कोडचा) एक भाग नव्याने लिहून तो सहापट वेगवान केला होता आणि सुमारे २,००० ओळी कमी केल्या होत्या. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, उणे २०००. आपल्याकडे जिराच्या (कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) डॅशबोर्डवर असा माणूस लालच दिसेल.

एका कामावरून शिक्का मारू नका, हे ओघाने आलंच. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटच्या विल्यम निकल्स यांनी ४९४ जणांनी लिहिलेले तेच दहा प्रोग्राम तपासले, तर वेळेतला जवळपास निम्मा फरक माणसामाणसांतला नव्हता. तोच माणूस एका कामात पुढे आणि दुसऱ्यात मागे होता.

आणि खरोखरच तरबेज माणूस हाती लागला तर? त्याला प्रत्येक अवघड तिकिटाला जुंपणं ही चूक बहुतेक लीड करतात, कारण त्या आठवड्यापुरतं सोयीचं असतं. मग पेमेंटचं मॉड्यूल फक्त त्यालाच कळतं, तो गणपतीला गावी गेला की रिलीज थांबतो, आणि प्रॉडक्शनमधला बग रात्री दोन वाजता त्याच्याच फोनवर जातो. त्याचा निम्मा वेळ रिव्ह्यू आणि डिझाइनला राखून ठेवा. त्याच्या मॉड्यूलचा पुढचा बग दुसऱ्याला सोडवू द्या, तो फक्त शेजारी बसेल. पहिल्या स्प्रिंटला (कामाच्या ठरावीक टप्प्याला) वेग कमी होईल, तेवढं वरच्यांना आधीच सांगून ठेवा.