छोट्या शेतावरचा हिवाळा : जनावरे सांभाळताना या चुका टाळा

थंडीचा पहिला कडाका पडला की नव्याने जनावरे पाळणाऱ्यांच्या त्याच त्या तक्रारी कानावर येऊ लागतात. वासरू खोकत असते, गाईचे दूध घटलेले असते, कोंबड्यांनी अंडी देणे थांबवलेले असते, आणि या सगळ्याला थंडीच कारणीभूत आहे अशी प्रत्येकाची खात्री असते. दोन-चार गाई, काही शेळ्या आणि पंचवीसेक कोंबड्या, म्हणजे घरच्या माणसांनाच सांभाळता येईल एवढ्या पसाऱ्यात माझे अनेक हिवाळे गेले आहेत. त्या अनुभवावरून मी ठामपणे सांगतो की पोटभर खाल्लेले, कोरडे आणि निरोगी मोठे जनावर केवळ थंडीने सहसा आजारी पडत नाही. ते आजारी पडते ओलीमुळे, कोंदट हवेमुळे आणि तहानेमुळे. वाईट याचे वाटते की या तिन्ही गोष्टी बहुधा आपणच, आणि त्याही त्याच्या काळजीपोटी, घडवून आणतो.

गोठा हवाबंद करणे

ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे आणि पहिल्याच हिवाळ्यात स्वतःही केली आहे. गारठा वाढू लागताच मी गोठ्याच्या खिडक्यांना प्लॅस्टिक ठोकले, दाराच्या फटींत बारदान कोंबले आणि भिंत व छप्पर यांच्यामधली उघडी जागा पेंढ्याच्या गठ्ठ्यांनी बंद केली. दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडले तेव्हा आतून उबदार हवेचा झोत अंगावर आला आणि मला फार समाधान वाटले. त्या हवेत डोळे चुरचुरत होते, छपराच्या वाशांवरून पाणी ठिबकत होते आणि गाईंच्या पाठीवरचे केस ओलसर झाले होते. मी हे सारे पाहिले आणि तरीही त्याचा अर्थ लावला नाही.

आठवड्याभरात दीड महिन्याची कालवड खोकू लागली आणि तिच्यामागोमाग दुसरे वासरूही खोकू लागले. पशुवैद्य आले, त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि औषधाला हात लावण्याआधी गोठ्याची दोन्ही दारे सताड उघडली. त्यांनी मला वासराच्या नाकाच्या उंचीवर वाकून श्वास घ्यायला सांगितले. उभ्याने मला थोडा उग्र वाटणारा मूत्राचा वास तिथे असह्य होता. कालवड चौथ्या दिवशी गेली. आमच्याच गोठ्यात जन्मलेले ते पहिले वासरू होते. दुसरे जगले, पण त्याच्या फुप्फुसांत कायमची कमजोरी राहिली आणि थोडे चालले तरी त्याला धाप लागत असे.

त्या गोठ्यात काय घडत होते हे समजून घेतले पाहिजे. एक मोठी गाय दिवसभरात श्वासावाटे आणि त्वचेवाटे कित्येक लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडते. शेण आणि मूत्र यांच्यातून अमोनिया निघत राहतो. ही वाफ बाहेर गेली नाही तर थंड छपराला लागून तिचे पाणी होते आणि ते पुन्हा जनावरांच्या अंगावर पडते. अमोनिया श्वासनलिकेतील नाजूक आवरणाला इजा करतो, आणि एरवी निरुपद्रवी राहिलेले जंतू मग फुप्फुसापर्यंत पोहोचतात. दाट हिवाळी केस असलेली कोरडी, धडधाकट गाय उणे 7 ते 8 अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी शरीरावर फारसा जादा ताण न येता सोसते. मात्र तेच केस भिजले तर सुमारे 15 अंशांनाच तिला ऊब टिकवण्यासाठी जास्तीची ऊर्जा खर्च करावी लागते. म्हणजे मी गोठा उबदार करण्याच्या नादात गाईंचे पांघरूणच काढून घेतले होते.

हवा खेळणे आणि अंगावर झोत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सारा घोटाळा त्या एकच मानल्यामुळे होतो. जनावर बसल्यावर त्याच्या अंगाला वारा लागता कामा नये, म्हणून खालची बाजू पक्की बंद हवी. पण छपरालगतची बाजू कडाक्याच्या थंडीतही उघडी हवी. मी रोज संध्याकाळी वासरांच्या जागेत खाली बसतो आणि सुताचा एक धागा त्यांच्या पाठीच्या उंचीवर धरतो. धागा हलला तर खालची फट शोधतो, आणि नाकाला वास झोंबला तर वरची जागा आणखी उघडतो. याहून अधिक शास्त्रीय पद्धती असतील, पण गेल्या अनेक हिवाळ्यांत माझे काम या धाग्यावर आणि नाकावर भागले आहे.

ओले अंथरूण

थंडीत सायंकाळी गोठा पाण्याने धुऊन काढणाऱ्यांना मला कळकळीने सांगावेसे वाटते की ही स्वच्छता जनावरांना महागात पडते. फरशी रात्रभर वाळत नाही आणि गाय त्याच ओलीवर बसते. शेण उचलावे, ओला भाग खरवडून काढावा आणि त्यावर कोरडा पेंढा भरपूर पसरावा. जाड गादी करण्याची पद्धत असेल तर रोज वरून नवा थर द्यावाच लागतो. खालचा थर कुजताना ऊब देतो, पण वरचा थर कोरडा असेल तरच ती ऊब उपयोगी पडते. माझी तपासणी सोपी आहे. अंथरुणावर दोन्ही गुडघे टेकून मनात तीसपर्यंत आकडे मोजावेत, आणि गुडघे ओलसर लागले तर अंथरूण ओले आहे असे समजावे. वासरांसाठी पेंढा इतका हवा की बसल्यावर त्यांचे पाय त्यात पूर्ण झाकले जावेत. पाय दिसत असतील तर पेंढा कमी आहे.

पाण्याकडे दुर्लक्ष

माझा दुसरा जिव्हाळ्याचा विषय पाणी आहे. ‘थंडीत जनावरे पाणी कमी पितात’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे आणि त्याच्या आडून अनेक गाई तहानलेल्या राहतात. न दुभणारी मोठी गायदेखील हिवाळ्यात दिवसाला 30 ते 40 लिटर पाणी पिऊ शकते, आणि दुभत्या गाईला त्याहून बरेच अधिक लागते, कारण दुधाचा सुमारे 87 टक्के भाग पाणीच असतो. हिवाळ्यात चारा कोरडा असल्याने चाऱ्यातून मिळणारे पाणीही घटते. पाणी कमी पडले की गाय चारा कमी खाते आणि चारा कमी गेला की तिच्या पोटातली ऊबही कमी होते, म्हणून तहानलेली गाय लवकर गारठते.

एका हिवाळ्यात आमच्या दोन गाईंचे दूध आठ दिवसांत जवळजवळ एक तृतीयांश घटले. मी आंबोण, म्हणजे पेंड-भरड्याचा खुराक, बदलले, खनिज मिश्रण वाढवले, कासेची तपासणी करवून घेतली, आणि काहीच निष्पन्न झाले नाही. हौदात पाणी गोठू नये म्हणून विजेवर चालणारा हीटर बसवलेला होता आणि पाणी कोमट होते, त्यामुळे पाण्याचा विचारही माझ्या मनात आला नाही. अखेर एके दिवशी मी हौदाजवळ अर्धा तास नुसता उभा राहिलो. एरवी तोंड पाण्यात बुडवून मोठमोठे घोट घेणाऱ्या गाई कडेला उभ्या राहून जिभेने पाणी चाटत होत्या आणि दचकून मागे सरत होत्या. वीजतंत्र्याने येऊन तपासले तेव्हा हीटरची अर्थिंगची तार तुटलेली निघाली, आणि पाण्यात थोडा वीजप्रवाह उतरत होता. माझ्या पायांत रबरी बूट असल्यामुळे मी कितीतरी वेळा पाण्यात हात घालूनही मला काही जाणवले नव्हते. ओल्या जमिनीवर अनवाणी खुरांनी उभ्या असलेल्या गाईला मात्र अगदी अल्प दाबाचा प्रवाहही जाणवतो. तार दुरुस्त झाल्यावर दूध पूर्वपदावर येण्यास दोन आठवडे लागले.

तेव्हापासून मी हौद भरलेला आहे की नाही एवढे पाहून समाधान मानत नाही; गाईंना पाणी पिताना पाहतो. हीटरची तार आणि अर्थिंग थंडी सुरू होण्याआधीच जाणत्या माणसाकडून तपासून घेतो. जिथे वीज नाही तिथे विहिरीतून किंवा बोअरमधून ताजे उपसलेले पाणी दूध काढून झाल्याबरोबर द्यावे, कारण भूगर्भातले पाणी हिवाळ्यात बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते आणि गाय धार काढल्यानंतर सर्वांत जास्त पाणी पिते. रात्रभर साठवलेले बर्फगार पाणी पुढे ठेवायचे आणि गाय पाणी पीत नाही असे म्हणायचे, हे योग्य नाही.

दिवा, शेगडी आणि इतर झटपट उपाय

नवख्या माणसाला वासरू कुडकुडताना दिसले की तो पहिल्यांदा ऊब देणारा मोठा बल्ब आणतो. हा उपाय झटपट असतो आणि म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. 250 वॉटचा बल्ब कोरड्या पेंढ्यावर पडला किंवा त्यावर धूळ आणि कोळिष्टके साचली तर गोठा पेटायला काही मिनिटे पुरतात. बल्ब वापरायचाच असेल तर तो जाळीच्या आत, तारेऐवजी मजबूत साखळीने आणि दोन ठिकाणी टांगलेला असावा. निखाऱ्यांची शेगडी तर बंद जागेत कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो, आणि तो जनावराइतकाच माणसालाही मारतो.

वासरू कुडकुडत असेल तर आधी ते कोरडे आहे का आणि त्याचे पोट भरलेले आहे का हे पाहावे. तीन आठवड्यांच्या आतील वासराला 10 ते 15 अंशांखालीच थंडी जाणवू लागते, कारण त्याचे रवंथ करणारे पोट अजून कामाला लागलेले नसते आणि मोठ्या गाईसारखी आतली ऊब त्याला मिळत नाही. त्याला बल्बपेक्षा जास्तीचे दूध हवे असते, शक्यतो दिवसातून तीन वेळा आणि साधारण शरीराच्या तापमानाइतके कोमट. चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, तर जन्मानंतरच्या पहिल्या दोन-चार तासांतच पोटात गेला पाहिजे, कारण त्यातील रोगप्रतिकारक द्रव्ये शोषण्याची आतड्यांची क्षमता एका दिवसात संपते. अंगावर गोणपाट बांधत असाल तर ते रोज हात घालून तपासावे. आतून भिजलेले गोणपाट अंगावर नसलेलेच बरे.

गारठून निपचित पडलेल्या नवजात करडाच्या तोंडात घाईने दूध ओतणे ही आणखी एक जीवघेणी चूक आहे. ज्याला मान धरता येत नाही आणि ज्याच्या तोंडात बोट घातले तर ते गार लागते, त्याला गिळता येत नाही आणि दूध फुप्फुसात जाते. आधी कोरड्या कापडाने जोराने पुसावे, उबदार खोलीत कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवावे, आणि ते मान उचलून चोखू लागले की मगच चीक द्यावा.

चारा आणि कोंबड्या

थंडी वाढली म्हणून एकदम आंबोण दुप्पट करू नये. त्याने पोटात आम्लता वाढते आणि गाय खाणेच सोडते. ऊब वैरणीतून मिळते. सुका चारा पोटात आंबताना उष्णता तयार होते, आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढते, म्हणून वैरणीचा मोठा वाटा मी सायंकाळी उशिरा टाकतो. बुरशी आलेला चारा ‘थोडाच आहे’ म्हणून मिसळू नये.

कोंबड्यांचे तुरे थंडीने काळे पडतात तेव्हा खुराड्यातील ओल हे त्याचे मोठे कारण असते, आणि उपाय पुन्हा वरची हवा मोकळी करणे हाच आहे. बसण्याची दांडी रुंद आणि सपाट असावी, म्हणजे कोंबडी आपल्या पिसांनी बोटे झाकू शकते. अंडी कमी होतात ती दिवस लहान झाल्यामुळे. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला सुमारे 14 तास उजेड लागतो. दिव्याने उजेड वाढवायचा असेल तर तो पहाटे वाढवावा, कारण सायंकाळी दिवा अचानक विझला तर कोंबड्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत आणि जमिनीवरच रात्र काढतात. मी स्वतः दिवा लावत नाही. वर्षभर अंडी दिलेल्या पक्ष्याला थोडी विश्रांती मिळावी असे मला मनापासून वाटते.

थोडक्यात सांगता येण्याजोग्या चुका

गोठलेल्या नळाला पेटता बोळा लावू नये. तोटी उघडी ठेवून तोटीकडून मागे सरकत गरम पाण्याच्या फडक्याने नळ मोकळा करावा. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधले गोठणरोधक द्रव सांडले तर लगेच पुसावे, कारण त्यातील एथिलीन ग्लायकॉल गोड लागते आणि कुत्र्या-मांजरांसाठी घातक असते. धार काढल्यावर ओले आचळ तसेच ठेवून गाईला गार वाऱ्यात सोडू नये, नाहीतर आचळांना भेगा पडतात. निसरड्या वाटेवर राख टाकावी.

आणि रात्री दहा वाजता फेरी मारून निर्धास्त झोपणाऱ्यांसाठी एक गोष्ट : निरभ्र, वारा नसलेल्या रात्री सर्वांत कडक थंडी सूर्योदयाच्या सुमारास पडते. नुकतेच जन्मलेले वासरू किंवा विण्याच्या बेतात असलेली शेळी असेल तर रात्रीच्या फेरीपेक्षा पहाटे साडेचारची फेरी महत्त्वाची आहे, आणि त्या फेरीला जाताना हातात विजेरी, कोरडे कापड आणि कोमट पाण्याची बादली असावी.