मनीचं इन्सुलिन, भरल्या घरात

आमचं सांगलीतलं घर माणसांनी भरलेलं, म्हणून आमच्या मधुमेही मांजरीची, मनीची, इन्सुलिनची सुई एकट्या माझ्याकडे: सकाळी ७, संध्याकाळी ७. टोचलं की लगेच कालनिर्णयवर खूण. खूण नसेल आणि कुणाला नक्की आठवत नसेल, तर तो डोस सोडाच. चुकून दोनदा टोचलं तर जिवावर बेततं.

आधी खायला घाला. तोंडच लावलं नाही तर सुई थांबवून डॉक्टरांना फोन. यू-४० (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) इन्सुलिनला यू-४० चीच सिरिंज. बाटली फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये कधीच नको.

सासूबाईंची दूध-चपाती मायेची, पण बंद. कमी पिष्टाचं ओलं कॅट फूड द्या, तेही डॉक्टरांना विचारून. खाणं बदललं की डोस कमी करावा लागू शकतो.

साखर फार उतरून मनी झोकांड्या खाऊ लागली तर हिरड्यांना मध चोळा आणि तडक दवाखाना गाठा.