सिल्की कोंबड्या : थंडीची लाट येण्याआधी काट्यावर घ्या

पारा उतरायला लागला की सिल्की पाळणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "खुराड्यात किती वॅटचा दिवा लावू?" दिव्याचं नंतर बघू. गेल्या आठवड्यात कोंबडी किती ग्रॅम भरली ते आधी सांगा. इथे बहुतेक जण गप्प होतात, आणि थंडीत पक्षी जातात ते याच गप्प राहण्यापायी.

सिल्की ही दिसायला फसवी जात. तिच्या पिसांचे बारीक आकडे एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून पीस कापसासारखं फुलून राहतं. आत सापळा झाला तरी बाहेरून गोंडा तसाच गरगरीत. कातडी कडकनाथसारखी काळी, त्यामुळे तोंड फिकं पडलेलंही पटकन कळत नाही.

माझ्याकडची एक पांढरी कोंबडी थंडी सुरू होताना ९१० ग्रॅम होती. पाचव्या आठवड्यात काट्यावर ठेवली तर ६९०. खाद्याचं भांडं रोज चाटूनपुसून साफ व्हायचं, म्हणून मी निर्धास्त होतो. शेंडी वाढून डोळ्यांवर आली होती, तिला भांडं धड दिसत नव्हतं, आणि जवळ गेली की बाकीच्या टोचून हाकलत होत्या. छातीच्या हाडावरून बोट फिरवलं तर सुरीची धार लागावी तसं लागलं. शेंडी कातरली, वेगळी ठेवली, तरी चौथ्या दिवशी गेली. मधले चार आठवडे काटा कपाटात होता.

वजन कसं घ्यायचं ते नीट वाचा. सकाळी, खाद्य टाकायच्या आधी, गळ्याखालची अन्नपिशवी रिकामी असताना. संध्याकाळचं वजन खरं धरू नका, पोटभर दाणा आणि पाणी त्यात मोजलं जातं. ५ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. त्यावर पुठ्ठ्याचा खोका किंवा बादली ठेवून काटा शून्यावर आणा, कोंबडी आत बसवा, वरून जाडसर फडकं टाका. अंधार झाला की ती शांत बसते. पायात क्रमांकाची कडी घाला, नाहीतर चार पांढऱ्या कोंबड्यांत कुठली कुठली ते कळायचं नाही. आठवड्याचा एकच वार ठरवा आणि आकडा वहीत लिहा.

किती असावं? अमेरिकी मानकात नर सुमारे १ किलो आणि मादी ९०० ग्रॅमच्या आसपास. ब्रिटनमध्ये मोठ्या जातीचा नर १.८ किलोपर्यंत जातो. म्हणून शेजाऱ्याच्या कोंबडीशी तुलना करू नका, तिचं मागचं वजन हेच तिचं माप. त्यात १० टक्के घट दिसली की त्याच दिवशी वेगळी काढा : उवा, जंत, हगवण, टोचाटोची, सगळं तपासा. मी स्वतः सलग दोन आठवडे ४०-५० ग्रॅम उतरले तरी थांबत नाही. आणखी एक माझा आपला आडाखा, कुठल्या पुस्तकात नसेल : सकाळी दार उघडल्यावर जी सगळ्यात शेवटी बाहेर येते, तिला पहिली काट्यावर घ्या.

खुडूक कोंबडीकडे तर दुप्पट लक्ष द्या. ही जात ऐन थंडीतही अंड्यावर बसायला बघते, दिवसातून एकदा जेमतेम उठते आणि झरझर वाळते. पिल्लं नको असतील तर खुडूक मोडा. बसवलीच असेल तर रोज हाताने उचलून खाद्यापाशी सोडा.

आता थंडीचं. कोरडी, पोट भरलेली, वाऱ्याच्या झोतापासून आडोशाला असलेली पूर्ण वाढलेली सिल्की गारठा चांगला सोसते. भिजलेली सोसत नाही. तिच्या पिसावरून पाणी ओघळत नाही, थेट कातडीपर्यंत मुरतं. बऱ्याचशा सिल्की दांडीवर न चढता खाली अंथरलेल्या भुशाच्या गादीवरच एकमेकींना चिकटून झोपतात, म्हणजे गादी ओली तर कोंबडी ओली. मूठभर गादी आवळून बघा : लाडू वळला तर काढून टाका, भुरभुर सुटली तर ठीक. मग खाली बसून, कोंबडीच्या उंचीला नाक नेऊन वास घ्या. विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनिया वायूची मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५) सांगतात, पण डोळे चुरचुरले की मोजायला थांबू नका. ऊब राहावी म्हणून सगळी भोकं बुजवणारे लोक बघितलेत. सकाळी छताच्या आतून थेंब टपकतात आणि आठवड्यात कोंबड्या घुरघुरायला लागतात. हवेची वाट वर ठेवा, त्यांच्या डोक्याच्या बरीच वर.

दिवा मोठ्या कोंबड्यांना लागत नाही. भुसा, पिसं आणि २५० वॅटचा तापलेला दिवा म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय मध्यरात्री वीज गेली की उबेला सवकलेले पक्षी एकदम गारठतात. पिल्लांचं वेगळं : पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी.

दुकानदार या दिवसांत 'थंडीचं टॉनिक' हातात ठेवतोच. घेऊ नका. एक गोष्ट तर नुकसानीचीच : ओल्या गादीमुळे पिल्लांना रक्ती हगवण लागली की पशुवैद्य ॲम्प्रोलियम देतात, पाण्यातून ०.०१२ टक्के, जोर जास्त असेल तर ०.०२४ टक्के, ३ ते ५ दिवस. हे औषध जंतूला ब-१ जीवनसत्त्व मिळू न देऊन काम करतं. त्याच पाण्यात ब जीवनसत्त्वाचं टॉनिक ओतलं की औषधाचा जोर आपणच मोडतो. दोन्ही बाटल्या एकाच गल्ल्यावरून विकल्या जातात.

बाकीची कामं :
- गादी १० ते १५ सेंमी, तूस किंवा लाकडाचा भुसा
- पाणी दिवसातून दोनदा, कोमट. अरुंद तोंडाचं भांडं, म्हणजे शेंडी-दाढी भिजत नाही
- डोळ्यांवरची शेंडी कातरणे
- पायाच्या पिसांतला चिखल-बर्फ काढणे
- शेपटीखाली उवा बघणे
- संध्याकाळी मूठभर मका, एकूण खाद्याच्या दहाव्या भागाच्या आत
- भिजलेली कोंबडी टॉवेलने पुसून, ड्रायरच्या मंद झोताने मुळापर्यंत सुकवून मगच आत

लाटेचा इशारा आला असेल तर पुढच्या ठरलेल्या वाराची वाट बघू नका. आज रात्री काट्याचे सेल तपासा, खोका दाराशी ठेवा, सकाळी खाद्याच्या आधी सगळ्यांची वजनं घ्या. लाट ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा घ्या, आणि दोन आकडे शेजारी-शेजारी लिहा.