आरोग्याच्या आकड्यांवरून मदतीसाठी गट निवडताना या चुका टाळा

एका वस्तीत मधुमेहाचे ४० रुग्ण, दुसरीत ३०. आरोग्य पथक आधी कुठे पाठवाल? पहिल्या वस्तीत प्रौढ २,००० आणि दुसरीत फक्त ६०० असतील, तर प्रमाण निघतं २ टक्के आणि ५ टक्के. छेद, म्हणजे एकूण किती जणांमधले हे रुग्ण, ते पाहिल्याशिवाय गट ठरवू नका. आणि जिथे तपासणीच झालेली नाही, ती वस्ती कागदावर नेहमीच निरोगी दिसते.

मग नोंदवही उघडा. रक्तदाबाच्या रकान्यात १२०/८०, १३०/८०, १४०/९०, पानभर शेवटी शून्यच? डिजिटल यंत्रावर शेवटचा अंक शून्य साधारण दहात एकदा यायला हवा. म्हणजे आकडे अंदाजाने उतरवलेत. १३८ चे १४० झाले की माणूस विनाकारण उपचारांच्या यादीत जातो. नोंद घेणाऱ्या ताईंना बोल लावण्याआधी यंत्र चालतं का आणि एका माणसामागे त्यांना किती मिनिटं मिळतात, ते विचारा.

आजाराऐवजी खर्च मोजणं ही चूक चटकन लक्षात येत नाही. अमेरिकेत जादा मदत कुणाला द्यायची हे ठरवणारी एक संगणकप्रणाली रुग्णाचा पुढचा खर्च वर्तवत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्चच कमी व्हायचा, त्यामुळे तितकेच आजारी असूनही ते मागे पडत. २०१९ मधल्या अभ्यासानुसार हा दोष काढला, तर मदत मिळणाऱ्यांत त्यांचा वाटा १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जातो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ‘आधी आणि नंतर’च्या तक्त्याची. माणूस यादीत येतो तो त्याच्या सर्वांत वाईट काळात. पुढे काहीही न करता बऱ्याच जणांचे आकडे उतरतात. अमेरिकेतल्याच कॅम्डेन शहरात वारंवार भरती होणाऱ्या रुग्णांसाठी परिचारिका आणि समाजसेवकांचं पथक घरोघरी जात असे. भरती खूपच घटलेली दिसली. पण ८०० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून पाहिलं, तेव्हा १८० दिवसांत पुन्हा भरती झालेले निघाले पथकाच्या गटात ६२.३ टक्के आणि पथकाविना ६१.७ टक्के. निकाल २०२० मध्ये छापून आला. तुलनेचा गट नसता, तर हे कधीच कळलं नसतं.

यादी पथकाच्या आवाक्यापेक्षा मोठी असेल आणि गरज सारखीच असेल, तर पहिल्या फेरीची नावं सोडतीने काढा. दुसऱ्या फेरीची वाट पाहणारे तोवर तुमचा तुलनेचा गट होतील.