आठवणींची चित्रकथा काढताय? या चुका टाळा

वेंगुर्ल्याच्या बाजारात माझी आत्ये कितीतरी वर्षं मासे विकायची. माझी पहिली चित्रकथा तिच्यावरच. मुखपृष्ठावर मी काढलं होतं: डोक्यावर टोपली, केसांत अबोलीचा वळेसर, मागे माड आणि निळाशार समुद्र. आत्येने पान डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि म्हणाली, "हो हात माझो न्हय गो."

खरंच नव्हता. तिच्या डाव्या अंगठ्यावर कोयतीचा जुना वण आहे. मासा हातातून निसटू नये म्हणून बोटांना राख लावून लावून नखांच्या कडा कायमच्या राखाडी झाल्यात. हे मी लहानपणापासून रोज बघत आले, आणि काढायला बसले तेव्हा कॅलेंडरवरची कोळीण काढली.

स्वतःच्या आयुष्यावर चित्रकथा करणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त होणारी चूक ही. कोकण म्हटलं की हात आपोआप माडाकडे जातो. उपाय सोपा आहे, पण वेळ मागतो. पान काढण्याआधी त्या माणसाच्या, त्या जागेच्या अशा दहा गोष्टी लिहून काढा, ज्या तिथे राहिलेल्यालाच ठाऊक असतात. रंगांचंही तसंच. पावसाळ्यात नद्या तांबडी माती खाडीत आणून ओततात, तेव्हा मुखाजवळचं पाणी निळं नसतं, चहासारखं असतं. नव्याने काढलेला चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) तांबूस-पिवळा दिसतो, पण चार पावसाळे खाल्लेली गडग्याची भिंत काळपट आणि शेवाळलेली असते. भिंतीचा रंग बघून घर किती जुनं आहे ते वाचणाऱ्याला न सांगता कळतं.

दुसरी अडचण, गोष्ट संपतच नाही. जन्मापासून सुरुवात केली की चाळीस पानांनंतरही आपण शाळेतच असतो. मी आत्येचं सगळं आयुष्य बाजूला ठेवून एकच दिवस घेतला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. त्या दोन महिन्यांत ती सुकट, सुके बांगडे विकायची. बंदी उठल्यावर पहिला ताजा मासा तिच्या टोपलीत पडला, तो दिवस. बाकीचं आयुष्य त्या दिवसाच्या आत आपसूक आलं.

चित्रात जे दिसतंय तेच खाली लिहिणं ही चूक दुरुस्त करायची असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथले ठाकर कलाकार चित्रकथीची पोथी उघडतात, एकेक सुटं चित्र समोर धरतात आणि रामायण-महाभारतातली गोष्ट गाऊन सांगतात. (परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी 2021 साली पद्मश्री मिळाली.) चित्रातली मोठ्या डोळ्यांची पात्रं जागच्या जागी असतात, हलतो तो आवाज. चित्रात आत्ये रिकाम्या टोपलीपाशी बसलेली असेल, तर खाली 'आत्ये बसली होती' असं लिहू नका. 'आज पापलेट आलाच नाही' एवढं लिहा.

आता कागद. कोकणात काम करणाऱ्याला याचा जेवढा त्रास होतो, तेवढा दुसऱ्या कशाचाच होत नाही. जुलैत जलरंग लवकर वाळत नाहीत. एक थर ओला असतानाच दुसरा चढवला की फुलकोबीसारखे डाग उठतात. त्याहून वाईट म्हणजे दमट हवेत पडून राहिलेल्या कागदावरचा खळीचा थर, म्हणजे रंग आत शिरू न देणारा लेप, खराब होतो. मग रंग लावला की तो टीपकागदावर पडल्यासारखा ठिपक्याठिपक्यांनी आत ओढला जातो. असा कागद सुधारत नाही, तो सरावाला वापरा. नवा कागद हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या, पुड्यांसोबत ठेवा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा. 300 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) सुती कागद महाग पडतो, पण कमी वाकतो. वाकलाच तर मागच्या बाजूने अगदी हलका ओलावा देऊन, दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वजनाखाली ठेवा. आणि चित्र पूर्ण झालं की लगेच स्कॅन करा, निदान 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके). मोठं छापायचं असेल तर 600. बुरशी तुमच्या सवडीची वाट बघत नाही.

छपाईत माझं सगळ्यात जास्त नुकसान अक्षरांनी केलं. एका छापखान्यात फाईल उघडली तेव्हा वेलांट्या सरकल्या होत्या, रफार भलत्याच अक्षरावर बसला होता, जोडाक्षरं सुटी झाली होती. पन्नास प्रती तशाच छापून आल्या. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीसाठी 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' निवडावा लागतो, फाँट युनिकोड लागतो, आणि फाईल देण्याआधी अक्षरांचं आउटलाइन करून घ्यावं लागतं, म्हणजे अक्षरं फाँट न राहता आकार होतात. भातखाचराचा झगझगीत हिरवा पडद्यावर असतो, सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, तो मरतो. आधी एक नमुना छापून बघा. चहूबाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी चित्राचा जादा भाग, ठेवा. पिना मारून बांधणी असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी.

शेवटचं, माणसांचं. गोष्ट तुमची असली तरी तिच्यातले बाकीचे जण जिवंत असतात, आणि गावात नाव बदलून कोणी ओळखायचं थांबत नाही. छापायला देण्याआधी त्यांना पानं दाखवा, फोनवर नाही, हातात देऊन. आत्येने सगळी पानं पाहिली. नवा हात तिला पटला, अंगठ्यावरून तिने आपलं बोट फिरवलं. मग एक पान बाजूला काढून माझ्या मांडीवर ठेवलं. होडीच्या इंजिनाच्या कर्जासाठी तिने पाटल्या मोडल्या, ते पान. मला ते सगळ्यात चांगलं जमलं होतं.

पुस्तकात ते नाही. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात आहे, आणि दर पावसाळ्याआधी मी त्या पुड्या बदलते.