स्कॉटिश पूर्वज शोधताना पणजीचं माहेर धरा

आपल्या घरोघरच्या वंशावळीत बाप, आजोबा, पणजोबा अशी पुरुषांची रांग असते आणि पणजी फार तर ‘अमुक यांची पत्नी’ म्हणून कोपऱ्यात उभी असते. स्कॉटलंडच्या सरकारी दप्तरात तसं होत नाही. तिथे बाई लग्न करून गेली, विधवा झाली, वारली, तरी तिचं माहेरचं आडनाव कागदावर राहतं. मृत्यूच्या सूचीत तर एकच बाई सासरच्या आणि माहेरच्या अशा दोन्ही आडनावांखाली सापडते. परदेशात स्थायिक झालेल्या तुमच्या घरात एखादी स्कॉटिश सून किंवा जावई असेल आणि मुलांसाठी त्या बाजूची वंशावळ लावायची असेल, तर हा धागा पहिल्यापासून हातात ठेवा.

सुरुवात मात्र घरातूनच करा. फोटोमागची अक्षरं, जुनी पत्रं, कुटुंबाच्या बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या तारखा, हे सगळं गोळा करा. म्हाताऱ्या माणसांना विचाराल तेव्हा वर्ष नको, गाव विचारा. वर्ष चुकतं, गाव सहसा चुकत नाही.

पुढचं काम ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी संकेतस्थळावर होतं. खातं उघडलं की सूचीत नाव शोधायला पैसे पडत नाहीत, मूळ नोंदीचं पान उघडायला मात्र पडतात. म्हणून दिसेल ते पान उघडत सुटू नका. जन्माची पानं 100, लग्नाची 75 आणि मृत्यूची 50 वर्षं उलटल्यावरच घरबसल्या दिसतात. त्याहून अलीकडचं हवं असेल तर अधिकृत प्रत मागवावी लागते.

आधी लग्न, मग जन्म

लोक जन्मापासून सुरू करतात. माझं मत उलट आहे: हाताशी आहे त्यातलं सर्वांत जुनं लग्न आधी शोधा. लग्नाच्या सूचीत वर आणि वधू दोघांची आडनावं एकदम घालता येतात, त्यामुळे शेकडो जॉन मॅकडोनाल्डांमधला आपला जॉन पटकन वेगळा पडतो. शिवाय स्कॉटलंडच्या विवाहनोंदीत दोघांचं वय, धंदा, पत्ता, दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा, आणि दोघांच्या आयांची नावं माहेरच्या आडनावासकट असतात. आईवडिलांपैकी कुणी वारलेलं असेल तर नावापुढे तसा शेरा असतो. एवढ्या एका शब्दावरून त्यांचा मृत्यू कोणत्या वर्षाच्या आधी शोधायचा ते ठरतं.

समजा, लग्न 1890 चं आहे आणि नवरी 22 वर्षांची. म्हणजे तिचा जन्म 1868 च्या आसपासचा. ती जन्मनोंद उघडली की तिच्या आईवडिलांचं लग्न कोणत्या तारखेला, कुठे झालं ते त्यातच लिहिलेलं असतं. ते लग्न 1862 चं निघालं की त्या पानावर पुन्हा चार नवी नावं. तीन कागदांत तीन पिढ्या झाल्या, आणि अंदाज करावा लागला तो फक्त एका वयाचा.

या जन्मनोंदीत आणखी एक गंमत असते: जन्माची वेळसुद्धा लिहिलेली असते. पत्रिका मांडायची हौस असेल तर सोयच झाली.

सक्तीची सरकारी नोंदणी सुरू झाली 1 जानेवारी 1855 ला. त्या पहिल्या वर्षी कारकुनांना इतकं काही लिहायला लावलं होतं की आज वाचताना हेवा वाटतो: आईवडिलांची वयं, त्यांची जन्मगावं, आधीची मुलं किती, त्यांतली हयात किती. हे सगळं पेलवेना म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कापले. आईवडिलांच्या लग्नाची तारीखही गेली, ती 1861 मध्ये परत आली. त्यामुळे 1856 ते 1860 मधला जन्म हाती आला तर अडून बसू नका. त्याच जोडप्याचं 1855 मधलं किंवा 1861 नंतरचं एखादं मूल शोधा, लग्नाची तारीख तिथे मिळेल.

समासात बारीक अक्षरांत दुरुस्तीच्या नोंदवहीचा उल्लेख दिसला तर तेही पान जरूर उघडा. बापाचं नाव नंतर ठरलं, मृत्यू अचानक झाला आणि चौकशी झाली, असल्या गोष्टी तिथे असतात. मृत्युनोंदीतल्या आईवडिलांच्या नावांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ती माहिती जावयाने नाहीतर शेजाऱ्याने दिलेली असते आणि ज्याला ठाऊक होतं तो गेलेला असतो.

खानेसुमारी पडताळ्यासाठी

दर दहा वर्षांची खानेसुमारी 1841 ते 1921 पर्यंत बघता येते. 1841 ची जरा जपून वाचा. पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली ओढलेली असतात, म्हणजे 39 वर्षांची बाई 35 ची दिसते, आणि कोण कुणाचं काय लागतं ते लिहिलेलंच नसतं. 1851 पासून नातं आणि जन्माचं पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला इलाका) दोन्ही मिळतं. 1861 पासून खिडकी असलेल्या खोल्या किती तेही मोजलंय. ग्लासगोतल्या एका खोलीत सात-आठ माणसं निघाली की तोपर्यंत नुसती नावं असलेली ती माणसं एकदम जवळची वाटायला लागतात. सलग दोन खानेसुमाऱ्यांत आजोळी राहणारं एखादं मूल दिसलं तर त्याच्या आईचं लग्न आणि मृत्यू दोन्ही तपासा.

1855 च्या मागे

इथून रस्ता खडबडीत आहे. इथे मुख्य आधार चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पॅरिश नोंदवह्यांचा, त्यांतली सर्वांत जुनी पर्थशायरमधल्या एरलची, 1553 ची. पण बऱ्याच पॅरिशांच्या वह्या खूप नंतर सुरू होतात आणि मध्येच तुटतात. 1783 ते 1794 मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, मग गरिबांनी नोंदच टाळली. 1843 मध्ये हे चर्च फुटलं आणि पुष्कळ कुटुंबं त्यातून निघालेल्या फ्री चर्चमध्ये गेली, त्यामुळे ती या वह्यांत सापडतीलच असं नाही. जन्माऐवजी बाप्तिस्म्याची तारीख आणि लग्नाऐवजी लग्नाच्या जाहीर घोषणेची तारीख मिळते. ही घोषणा दोघांच्या पॅरिशात होई, म्हणून एकच लग्न दोन ठिकाणी, दोन तारखांना सापडलं तर गोंधळू नका. काही लग्नं तर सापडणारच नाहीत, कारण साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवराबायको’ असं म्हटलं तरी ते स्कॉटलंडमध्ये 1940 पर्यंत कायदेशीर लग्न होतं. इंग्लंडच्या सीमेलगतचं ग्रेटना ग्रीन हे गाव पळून येऊन लग्न करणाऱ्यांसाठी गाजलं ते त्यामुळेच.

नावंही चकवतात. जेनेट कधी जेसी होते, एलिझाबेथची एल्स्पेथ होते, मॅकची स्पेलिंगं तर किती तऱ्हांची. अशा वेळी नामकरणाची जुनी चाल कामी येते: थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांचं नाव घेतो, दुसरा आईच्या वडिलांचं, थोरली मुलगी आईच्या आईचं, दुसरी वडिलांच्या आईचं. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या घरांना हे नवीन नाही. सगळेच ती पाळत नसत, त्यामुळे हा पुरावा मानू नका, दिशा म्हणून वापरा.

आणि पूर्वज तिकडे सापडतच नसेल तर तो इकडे होता का ते पाहा. मुंबई इलाख्यात स्कॉटिश सैनिक, व्यापारी, मिशनरी पुष्कळ होते. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते जॉन विल्सन स्कॉटलंडमधल्या लॉडर गावचे, 1829 मध्ये मुंबईत आले. इथल्या गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत, मुंबईच्या नोंदी ‘एन/3’ (N/3) या खुणेखाली.